फोनची बॅटरी टिकवण्यासाठी नक्की काय पाळायचं? सल्ला हवा आहे

उंबरठा

नमस्कार मंडळी. आईच्या फोनबद्दल सल्ला हवा आहे, आणि त्यानिमित्ताने माझ्याही डोक्यातला गोंधळ मिटवायचा आहे.

आई एकटी राहते. फोन पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही, नाहीतर बॅटरी मरते, असा तिचा पक्का समज. तिच्या पहिल्यावहिल्या फोनच्या वेळी कोणीतरी तिला हे सांगितलं होतं आणि तिने ते इतकी वर्षं मनापासून पाळलं. गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊपासून मी तिला फोन लावत होते, तर बंद. सकाळी पावणेसातला तिचाच फोन आला. ४ टक्के उरले होते, 'संपू दे, मग लावते' म्हणून ती थांबली आणि तशीच झोपून गेली. माझी ती रात्र कशी गेली हे लिहवत नाही.

तिला समजवायला गेले तेव्हा कळलं की ठाम असं मलाही काही माहीत नाही. नवरा म्हणतो रात्रभर लावून ठेवायचा नाही. ऑफिसातला एकजण कधीच १०० टक्के होऊ देत नाही. भाचा दर पाच मिनिटांनी मागची सगळी अ‍ॅप्स बंद करतो. माझा स्वतःचा फोन अडीच वर्षांचा आहे, बॅटरीची क्षमता ८१ टक्के दाखवतो आणि संध्याकाळी पाचला मान टाकतो. यातलं खरं किती आणि ऐकीव किती? आईला एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देता येईल इतकं सोपं काही मिळालं तर फार बरं होईल.

पारा

उंबरठा, बाकी सगळं नंतर. आईंना आजच सांगा की २०-३० टक्के दिसले की बिनधास्त चार्जिंगला लावा, ५० ला लावला तरी काही बिघडत नाही.

त्यांना सांगणारा माणूस खोटं बोलत नव्हता. ते पथ्य खरं होतं, पण दुसऱ्या बॅटरीचं. जुन्या फोनमध्ये आणि कॉर्डलेसमध्ये निकेल-कॅडमियमची बॅटरी असायची. ती रोज अर्धीच उतरवून भरत राहिलं की त्याच टप्प्यावर तिचं व्होल्टेज लवकर खाली यायला लागायचं, जणू तिला तेवढंच काम लक्षात राहिलंय. म्हणून 'पूर्ण उतरवा, मग भरा'. 'नवा फोन आणला की आधी आठ तास चार्ज करा' हेही त्याच काळातलं. बॅटरी बदलली, पथ्य मात्र तसंच राहिलं.

आताच्या फोनमध्ये लिथियम-आयन असते. सोनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. हिला अर्धवट भरलेलं आवडतं. पूर्ण उतरवणं हाच तिला त्रास.

बॅटरीचं आयुष्य चार्जच्या सायकलमध्ये मोजतात, पण वायर किती वेळा लावली त्याला सायकल म्हणत नाहीत. आज ५० टक्के वापरून भरलेत आणि उद्या पुन्हा ५० वापरून भरलेत, तर दोन दिवसांची मिळून एक सायकल झाली. दिवसातून चार वेळा थोडं थोडं भरल्याने जादा सायकल खर्च होत नाहीत. तुमच्या ८१ टक्क्यांचंही वाईट वाटून घेऊ नका. आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी अ‍ॅपल ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगतं, आयफोन १५ पासून तो आकडा १००० आहे. युरोपीय संघात तर जून २०२५ पासून नियमच आहे की नवीन मॉडेलमध्ये ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. अडीच वर्षांत ८१ म्हणजे तुमची बॅटरी तिच्या वयाप्रमाणे वागते आहे.

वाटसरू

रात्रभर चार्जिंगचा बाऊ करू नका असं माझं मत. तीन वर्षं रोज रात्री लावून झोपतो. फोन भरला की आपोआप घ्यायचं थांबतो. बॅटरी अजून ८८ टक्के आहे.

पारा

वाटसरू, निम्म्याला सहमत. जास्त भरून बॅटरी फुटेल ही भीती निराधार आहे. आतलं सर्किट सुरुवातीला जोरात करंट घेतं, मग ठरलेलं व्होल्टेज आलं की ते धरून ठेवून करंट हळूहळू कमी करत जातं. म्हणूनच २० वरून ७० ला झपाट्याने जाणारा फोन शेवटच्या १०-१५ टक्क्यांना रेंगाळतो. भरली की तो घेणं थांबवतो.

उरलेलं निम्मं महत्त्वाचं आहे. पूर्ण भरलेला सेल ४.२ ते ४.४५ व्होल्टवर ताणलेला असतो. त्या ताणात आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात, सेलच्या आतल्या ग्रॅफाइटच्या पट्टीवर साचणारा थर जाड होत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. ते परत मिळत नाही. उष्णतेनेही हेच होतं. दोन्ही एकत्र आले की फार वाईट. लिथियम-आयन सेल पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर ठेवला तर साधारण एक तृतीयांश क्षमता जाते. तोच ४० टक्के भरून २५ अंशांत ठेवला तर जेमतेम ४ टक्के जाते. वापर दोन्हीकडे शून्य.

तेव्हा रात्रभर लावायला हरकत नाही, पण कुठे आणि कसा ते बघा. माझ्या धाकट्या भावाचा फोन रात्री उशीखाली चार्ज व्हायचा. एकदा पहाटे सहज हात लागला तर मागची बाजू इतकी तापलेली की तळवा पटकन मागे घेतला. उशी, रजई, जाड कव्हर, सगळं ती उष्णता आत कोंडून ठेवत होतं. आता त्याचा फोन उघड्या टेबलावर असतो. शिवाय बहुतेक नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची किंवा उठायच्या वेळेपर्यंत उरलेलं भरायचं लांबवायची सोय असते. सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडून ती चालू करा आणि विसरून जा. वाटसरू, तुमच्या फोनमध्ये ती बहुधा आधीपासून चालू असेल, म्हणून तो ८८ वर आहे.

वाटसरू

आत्ताच पाहिलं. खरंच चालू होती. मी कधी हात लावला नव्हता.

पान्हा

फोन दुरुस्तीचं काम करतो, रोज दहा-बारा फोन उघडतो. पारा यांच्याशी पूर्ण सहमत, माझ्याकडून थोडी भर.

मेलेल्या बॅटऱ्या ज्यांच्या येतात त्यांना मी एकच विचारतो, फोन तापायचा का? उत्तर बहुतेक वेळा हो असतं. गाडीच्या काचेमागे उन्हात नकाशा लावून फोन आणि त्यालाच चार्जर, हे सगळ्यात वाईट. चार्जिंगला लावून गेम खेळणं त्याच्या खालोखाल. चार्जिंगला लावून बोललं तर चालतं, पण गेममध्ये प्रोसेसर तापतो, बॅटरीही तापते, आणि दोघं एकमेकांना तापवतात. वायरलेस चार्जर वापरत असाल तर फोन बरोबर मध्यभागी ठेवा. जरा सरकला तरी बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते.

फोन तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारेही भेटतात. कृपया नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि बोर्ड जातो. पंख्याखाली ठेवा, कव्हर काढा, पुरे. आणि शून्य अंशाखालच्या थंडीत फोन चार्ज करू नका. तेव्हा लिथियम आत मुरण्याऐवजी वरच्यावर धातू होऊन साचतं आणि ते नुकसान कायमचं असतं.

जास्त वॅटच्या चार्जरला घाबरू नका. ६५ वॅटचा चार्जर २५ वॅटच्या फोनमध्ये वीज कोंबत नाही, दोघं आपसात ठरवतात आणि फोन झेपेल तेवढंच घेतो. दुसऱ्या कंपनीचा चांगला चार्जरही चालतो. घाबरायचं ते नाव-गाव नसलेल्या, हातात घेतल्यावर पोकळ लागणाऱ्या चार्जरला. त्यात भिंतीतून येणारी वीज आणि फोनकडे जाणारी वीज नीट वेगळी केलेली नसते. उघडून पाहिलंय म्हणून सांगतो.

अजून एक. 'माझा फोन २० टक्क्यांवरच बंद पडतो' म्हणून लोक येतात. टक्क्यांचा आकडा हा अंदाज असतो, आणि जुन्या फोनमध्ये तो चुकतो. अशा वेळी एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरला तर आकडा ताळ्यावर येऊ शकतो. त्याने आकडा सुधारतो, बॅटरी नाही. हेच ऐकून लोक दर महिन्याला फोन शून्यावर नेतात, ते नका करू.

उंबरठा

किती छान समजावलंत दोघांनी! आईचा कागद जवळजवळ तयार झाला. आता भाच्याचं सांगा, अ‍ॅप्स सारखी बंद करण्यात काही अर्थ आहे का? आणि माझा फोन पाचलाच का संपतो? रात्री पूर्ण भरते, डार्क मोड आहे, ब्लूटूथ बंद ठेवते.

पारा

इथे दोन प्रश्न मिसळताहेत, म्हणून वेगळे करतो. बॅटरी दिवसभर पुरणं वेगळं आणि वर्षानुवर्षं टिकणं वेगळं. आतापर्यंत आपण टिकण्याबद्दल बोललो. अ‍ॅप्स, डार्क मोड, ब्लूटूथ हे सगळं पुरण्याचं आहे. (पुरली की सायकल कमी होतात, म्हणून थोडी टिकतेही, पण ते नंतरचं.)

अ‍ॅप्स सारखी बंद करण्याने फायदा नाही, उलट थोडा तोटाच. मागे गेलेलं अ‍ॅप बहुतेक वेळा गोठलेलं असतं, काही खात नाही. ते बंद करून पुन्हा उघडलं की फोनला सगळं नव्याने मेमरीत आणावं लागतं. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे ६.० पासून, फोन नुसता पडून असताना अ‍ॅप्सना झोपवायची व्यवस्था आहे. भाच्याला सांगा, बॅटरीच्या सेटिंगमध्ये कोण किती खातंय ते बघ आणि जो खरंच खातोय त्यालाच आवर.

डार्क मोड ओएलईडी पडद्यावरच कामाचा, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. एलसीडीत मागचा दिवा जळतच असतो, तिथे काही वाचत नाही. ओएलईडीवरही पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात असं दिसलं की प्रकाश ३० ते ५० टक्के असताना बचत सरासरी ३ ते ९ टक्केच होते. पूर्ण प्रकाशात मात्र ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत जाते. घरात किंवा ऑफिसात बसून वापरत असाल तर फरक फारसा जाणवणार नाही. प्रकाश थोडा कमी करा, त्याने जास्त वाचेल. ब्लूटूथ नुसतं चालू असण्याने किरकोळ जातं.

पाचला संपण्याचं कारण वेगळंच असावं असं वाटतं. तुम्ही जिथे बसता तिथे रेंज कशी आहे?

उंबरठा

रेंज? वाईट. माझी जागा इमारतीच्या तळघरात आहे. एक काडी, कधी तीही नाही. पण मी तिथे फोन फारसा वापरतच नाही.

पारा

सापडलं बहुतेक. तुम्ही वापरत नसलात तरी फोन वापरतोय. टॉवर लांब किंवा आड असला की फोनला जास्त ताकदीने सिग्नल पाठवावा लागतो, आणि रेंज गेली की तो सारखा टॉवर शोधत राहतो. आठ तास हेच चाललं तर बॅटरी उतरणारच. ऑफिसात वाय-फाय असेल तर त्याला जोडा. वाय-फाय कॉलिंग चालू करा आणि तिथे बसेपर्यंत विमान मोड लावून फक्त वाय-फाय चालू ठेवा. फोन येतील, जातील. आधी एक दिवस करून बघा.

उंबरठा

चार दिवसांनी परत आले. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला ५७ टक्के! माझा विश्वासच बसेना. बॅटरी बदलायला निघाले होते, ते आता लांबणीवर.

आईचा कागदही लागला. चारच ओळी लिहिल्या: ३० दिसले की लाव. टेबलावर ठेव, उशीजवळ नाही. तापला तर कव्हर काढ. झोपताना लावून ठेवलास तरी चालेल. काल रात्री तिचा फोन आला, पहिलंच वाक्य, "अगं छत्तीस आहेत, आत्ता लावू की तिसाची वाट बघू?" लाव म्हटलं.

एक शेवटचं विचारते. आईच्या कपाटाच्या खणात तिचा आधीचा फोन सापडला. दोन वर्षं पडून होता. टेबलावर ठेवला तर पाठीवर गरगर फिरतो, सपाट बसतच नाही, आणि एका कडेला पडदा फ्रेमपासून नखभर उचललेला दिसतो. त्यातले फोटो तिला हवे आहेत. चार्ज करून पाहू का?

पान्हा

ताई, अजिबात नाही. बॅटरी फुगली आहे. आत वायू साचला की पाठ अशी गोल होते आणि फोन फिरायला लागतो. चार्जर लावू नका, चालू करून बघू नका, पडदा दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोकदार काही लावू नका. सेलला भोक पडलं तर तो पेट घेतो. फोटोंची काळजी करू नका, ते बॅटरीत नसतात. अनुभवी माणूस ही बॅटरी काढून दुसरी लावेल आणि फोटो मिळण्याची चांगली शक्यता आहे. काढलेली बॅटरी ई-कचऱ्यातच जाऊ द्या, घरच्या कचऱ्यात नको.

पुढे कधी फोन न वापरता ठेवायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास भरून, बंद करून, थंड जागी ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा निम्मा भरा. हा बहुधा शून्यावर असताना ठेवला गेला.

दुरुस्तीला नेईपर्यंत फरशीवर किंवा स्टीलच्या उघड्या भांड्यात ठेवा, आजूबाजूला कागद-कापड नको. आणि आईंना सांगा, परत त्या खणात ठेवू नका.