मदत हवी आहे: सापांची बदललेली शास्त्रीय नावं नोंदवहीत कशी लिहायची?

आरमोरीकडच्या (जि. गडचिरोली) गावांत आम्ही काही जण घरात निघालेले साप पकडून जंगलात सोडतो. नोंदवहीत शास्त्रीय नावाचा रकाना एकच, घोळ तिथेच होतोय. जुन्या पुस्तकात पाणदिवड म्हणजे झेनोक्रोफिस पिस्केटर, आता फाउलिया पिस्केटर. धूळनागिणीचं तर २०२१ मध्ये अख्खं नावच बदललं: आर्जिरोजिना फॅसिओलाटाची प्लॅटिसेप्स प्लिनी झाली. (साप तोच, फणकाराही तोच!)

रेप्टाइल डेटाबेसवर (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नावांची ऑनलाइन यादी) नवी नावं सापडतात, तो प्रश्न नाही. पण हे टिकणार किती? २००४ मध्ये मल्होत्रा आणि थॉर्प या संशोधकांनी ट्रायमेरेसुरस हा विषारी सापांचा जीनस (शास्त्रीय नावातला पहिला शब्द ज्याचा, तो गट) फोडून बरेच जीनस केले. आपला चापडा तेव्हा मूळ जीनसमध्येच राहिला, पण बाकीच्यांना पुढे अनेकांनी उपजीनस मानून परत आत घेतलं.

ओळखीबद्दल शंका नाही, प्रत्येकाचा फोटो आहे. डीएनए तपासणी इथे शक्य नाही. नुसतं मराठी नाव चालत नाही, यादी वन विभागाला द्यायची असते.

तर जुन्या नोंदी नव्या नावाने बदलायच्या, की पकडला तेव्हाचं नाव तसंच ठेवून शेजारी नवं लिहायचं? आणि दोन याद्यांत जीनस वेगळा असेल तर प्रमाण कोणती धरता?