एकाच भांड्यातला क्रीमी चिकन पास्ता: दूध फाटतं, तळ लागतो, नेमकं कुठे बिघडतं?

खाडीकाठ (देवगड)

नमस्कार मंडळी. क्रीमी चिकन पास्ता एकाच भांड्यात करायचा आहे, चार माणसांना रात्रीच्या जेवणाला पुरेल एवढा. सध्याची कृती अशी: ॲल्युमिनियमच्या टोपात कांदा, आलं-लसूण पेस्ट, २ टोमॅटो आणि ४५० ग्रॅम बोनलेस ब्रेस्ट एकत्र परतते. त्यावर ३०० ग्रॅम पेने, अर्धा लिटर दूध आणि एक कप पाणी एकदमच घालते आणि झाकण ठेवून मध्यम आचेवर १५ मिनिटं शिजवते.

होतं असं की दूध फाटून बारीक कणी दिसते आणि तळाला करपट थर धरतो. पेने बाहेरून गिळगिळीत लागतात, दाताखाली मात्र मध्ये कच्च्या. चिकन चिवट होतं. कशानंतर काय घालायचं आणि किती, हे नीट कळलं तर बरं होईल. इथल्या बाजारात क्रीमचा पॅक कधी मिळतो, कधी नाही. घरची साय चालेल का? आणि नारळाच्या दुधात हा प्रकार जमतो का?

तिरफळ (रत्नागिरी)

तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. भांडं एक असलं तरी त्यातल्या जिन्नसांच्या वेळा एक नसतात. चिकनच्या तुकड्यांना ७-८ मिनिटं पुरतात, पास्त्याला १२-१४ लागतात, आणि दूध-क्रीमला तर उकळायचंच नसतं, फक्त गरम व्हायचं असतं. सगळं एकदम घातलं की प्रत्येकाची वेळ चुकते.

तुमच्याच मापाने सांगते. ३०० ग्रॅम पेने, ४५० ग्रॅम चिकन, पास्त्याच्या वजनाच्या अडीच पट म्हणजे ७५० मिली उकळतं पाणी (चिकनचा स्टॉक असेल तर उत्तम), १५० मिली दूध, १०० मिली क्रीम, चीजचे २ क्यूब. एवढ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पास्ता पितो, काही वाफेने जातं आणि उरलेल्यात पास्त्याचा स्टार्च उतरून रस दाट होतो. वेगळा मैदा भाजून व्हाइट सॉस करायची गरज नाही, ते काम पास्ता स्वतःच करतो. म्हणूनच पास्ता आधी धुऊ नका, भिजवू तर मुळीच नका.

चिकन ब्रेस्टऐवजी मांडीचं घ्या. दुकानदाराला ‘मांडीचं बोनलेस’ सांगितलं की काढून देतो. त्यात चरबी आणि संयोजी ऊती जास्त असतात, त्यामुळे दोन-तीन मिनिटं जास्त शिजलं तरी ते कोरडं पडत नाही. ब्रेस्टच वापरायचं असेल तर तुकडे दीड इंचाचे ठेवा. धुतल्यावर स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने अगदी कोरडं करा. ओलं चिकन कढईत टाकलं की त्याचं पाणी सुटतं, ते उकडतं आणि रंग येतच नाही. पाऊण चमचा मीठ आणि मिरपूड चोळा. २ मोठे चमचे तेल चांगलं तापवा, तुकडे एका थरात पसरा आणि २ मिनिटं हलवू नका. पलटून आणखी २ मिनिटं. दोन खेपा कराव्या लागल्या तरी चालेल. बाहेरून सोनेरी झालं की ताटलीत काढून ठेवा, आतून ते अजून कच्चं असतं. ताटलीतला रस टाकू नका, पण कच्च्या चिकनचा असल्यामुळे तो चिकनबरोबर पुन्हा कढईत जाऊन उकळायलाच हवा.

त्याच कढईत १ चमचा लोणी, १ बारीक चिरलेला कांदा, ५-६ पाकळ्या ठेचलेला लसूण. कांदा पारदर्शक झाला की अर्धा कप पाणी ओतून तळाला चिकटलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून घ्या. पदार्थाची अर्धी चव त्या थरात असते. शिवाय तो तिथेच राहिला तर पुढे करपून कडू होतो.

आता उरलेलं पाणी, पाऊण चमचा मीठ आणि पास्ता. पहिल्या ३ मिनिटांत दोनदा तळापासून ढवळायचं, कारण याच वेळी पेने एकमेकांना आणि तळाला चिकटतात. नंतर आच मंद ते मध्यम, झाकण अर्धं उघडं, दर दोन मिनिटांनी ढवळणं. पाकिटावर ११ मिनिटं लिहिलेली असतात ती भरपूर उकळत्या पाण्यासाठी. इथे पाणी कमी आणि हळूहळू दाट होणारं, त्यामुळे २-३ मिनिटं जास्त लागतात. तुमच्या पेने मध्ये कच्च्या राहिल्या त्याचं कारणही हेच: दुधासारख्या दाट द्रवात शिजवल्या, आणि वरच्या पेने द्रवाच्या बाहेर राहिल्या. प्रत्येक पेने बुडालेली हवी, म्हणून उभा अरुंद टोप नको, पसरट कढई घ्या.

नवव्या मिनिटाला चिकन रसासकट आत. चार-पाच मिनिटं बारीक उकळी. सर्वांत मोठा तुकडा कापून बघा: आत गुलाबी नको आणि रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस. आच अगदी बारीक करून कोमट केलेलं दूध घाला आणि २ मिनिटं ढवळा. गॅस बंद. मग क्रीम, किसलेलं चीज, मिरपूड, चिमूटभर जायफळ.

गॅस बंद करताना रस थोडा पातळच दिसला पाहिजे. स्टार्च निवताना घट्ट होतो, पाच मिनिटांत तो बरोबर पेनेला धरतो. कढईत हवा तसा दाट झाला, तर पानात त्याचा गोळा होणार.

माजघर (गुहागर)

तिरफळताईंनी क्रम अगदी नेमका सांगितला आहे. दूध का फाटतं त्यात एक भर, कारण आपल्याकडच्या स्वयंपाकात हीच खोच राहते.

टोमॅटो आंबट म्हणून फाटतं, हे सगळ्यांना माहीत असतं. आल्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं आणि ते दूध सरळ गोठवतं. चीनमध्ये गरम दुधात आल्याचा रस घालून दह्यासारखा घट्ट गोड पदार्थ करतात तो याच गुणावर. म्हणजे पेस्ट अर्धीकच्ची राहिली आणि त्यावर दूध पडलं, तर टोमॅटो नसला तरी कणी होऊ शकते. भरपूर तापलं की ते एन्झाइम निकामी होतं, म्हणून आलं घालायचंच तर तेल सुटेपर्यंत परता. माझं मत विचाराल तर या पदार्थात आलं नकोच, नुसता लसूण घ्या. त्याच कारणाने चिकनला कच्चं आलं लावून रात्रभर ठेवू नये, वरचा थर पिठाळ होतो.

टोमॅटो हवाच असेल तर एकच घ्या, बिया काढून, आणि पाणी घालायच्या आधी पूर्ण आटवा. दोन टोमॅटो आणि अर्धा लिटर दूध एकत्र उकळलं तर फाटणारच. पास्ता शिजून पाण्यात स्टार्च उतरला की मग दूध घालायचं, त्याचा आणखी एक फायदा असतो: स्टार्चमुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून गुठळी करत नाहीत.

सायीबद्दल. ताजी साय चालते, पण लोण्यासाठी डब्यात साठवलेली, विरजण लावलेली साय नको. ती आंबट असते, गरम रसात पडली की फाटते. आजची आणि कालची मिळून अर्धी वाटी साय घ्या, पाव वाटी गार दूध घालून चमच्याने घोटा आणि गाळणीतून दाबून काढा. मिक्सरला लावाल तर दोन-तीन सेकंदच, नाहीतर लोणी सुटेल. बाजारच्या टेट्रापॅकमधल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. परदेशी कृतींमधलं क्रीम ३५ टक्क्यांच्या वरचं असतं, ते उकळलं तरी सहसा टिकतं. आपलं टिकेल याची खात्री नाही. तिकडची कृती वाचून क्रीम दहा मिनिटं उकळत ठेवायला गेलं की इथे तेल वेगळं होतं ते यामुळे.

क्रीम नाहीच मिळालं तरी अडत नाही. रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलिओ यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या मूळ पास्त्यात क्रीम नव्हतंच, नुसतं लोणी आणि पार्मेझान चीज. दाटपणा स्टार्चच्या पाण्याने येतो. २५ ग्रॅम लोणी आणि ३ क्यूब चीज, गॅस बंद केल्यावर जोरात ढवळून मिसळा. प्रोसेस्ड चीजमध्ये ते एकजीव ठेवणारे क्षार असतात, म्हणून ते गुळगुळीत वितळतं. पिझ्झावरचं मोझरेला इथे घालू नका, तारा सुटून गोळा होतो. चीज खारट असतं आणि या पद्धतीत पाणी ओतून द्यायचं नसतं, घातलेलं सगळं मीठ आतच राहतं. म्हणून शेवटची चव चीजनंतर बघा.

खाडीकाठ

देव बरे करो दोघांचं! आल्याचं हे खरंच लक्षात आलं नसतं. आणखी तीन शंका. टोप बदलायचाच का? सगळं कुकरला लावून एका शिटीत होईल का? आणि घरी गावठी कोंबडी असेल तर?

तिरफळ

टोप पातळ असेल तर बदला. जाड बुडाची स्टीलची कढई, २६-२८ सेंटीमीटर रुंदीची, सगळ्यात सोयीची. नसेल तर दूध घालायच्या वेळी टोपाखाली लोखंडी तवा ठेवा, पुलावाला दम देताना ठेवतो तसा. दुधातली प्रथिनं तळाला बसून करपतात, तव्यामुळे ज्योत थेट एका जागी लागत नाही.

कुकर नको. पास्त्याचा फेस चढतो आणि वाफेच्या नळीत अडकू शकतो. शिवाय मध्ये ढवळता येत नाही, की एखादी पेने चाखून बघता येत नाही.

गावठी कोंबडी या वेळात शिजणार नाही. ती हाडांसकट, मीठ आणि चार मिरी घालून कुकरला वेगळी मऊ करून घ्या. मांस सोडवून शेवटी घाला आणि तो स्टॉक गाळून ७५० मिलीच्या जागी वापरा. भांडी दोन होतात, पण चवीला ब्रॉयलर तिच्या जवळपासही येत नाही. स्टॉकमध्ये मीठ असतं, वरून घालताना हात आखडता ठेवा.

पाटवरवंटा (मालवण)

नारळाच्या दुधाचं राहिलं होतं. जमतं, आणि छान जमतं, फक्त त्याला दुधासारखं वागवायचं नाही.

एका मध्यम नारळाचा चव, पाऊण कप कोमट पाणी, मिक्सरला फिरवून पंचातून पिळा. हे जाड दूध बाजूला. त्याच चोथ्यात दीड कप पाणी घालून पुन्हा फिरवा, ते पातळ दूध. पास्ता या पातळ दुधात आणि बाकीच्या पाण्यात मिळून शिजवायचा, एकूण माप तेच ७५० मिली. जाड दूध गॅस बंद करायच्या आधी एक मिनिट, बारीक आचेवर. खळखळ उकळी आली की तेल वर तरंगतं आणि खाली पांढरा चुरा दिसतो. खोबरं खवताना काळी पाठ येऊ देऊ नका, रस मळकट होतो. नारळ जून हवा, पण खवट नको. उन्हाळ्यात खवलेलं खोबरं तासाभरातच आंबायला लागतं, म्हणून दूध आयत्या वेळी काढा.

या प्रकारात चीज घालू नका, दोन्ही चवी एकमेकींना मारतात. लसूण दुप्पट, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, भरपूर ताजी कुटलेली मिरी. आंबटपणा हवासा वाटला तर पानात वाढल्यावर लिंबू पिळा. कोकम टाकू नका, रंगही बिघडतो. जायफळ मात्र इथेही सुरेख लागतं. नारळी-पोफळीच्या बागेत जायफळाचं झाड असेल तर विकतच्या पुडीकडे बघू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘कोकण सुगंधा’ नावाची खास जातच काढली आहे. अख्खं जायफळ ठेवायचं आणि लागेल तेव्हा दोन-तीनदा किसणीवर घासायचं. जास्त झालं तर कडवट लागतं.

पास्ता घेताना पाकिटावर ‘ड्युरम गव्हाचा रवा’ लिहिलंय का ते वाचा. साध्या रव्याचा किंवा मैद्याचा स्वस्त पास्ता या पद्धतीत फुटतो आणि खिमट होते. पेने, फ्युसिली, शंख हे आकार बरे. स्पॅगेटी एका भांड्यात ढवळता ढवळता तुटते आणि गुंतते. पावसाळ्यात सुट्टा पास्ता घेऊ नका, दमट हवेत टोके होतात.

माजघर

पाटवरवंटा, पातळ दुधात शिजवायचं हे पटलं. पण त्यात थोडा स्टार्च आधी उतरू द्यावा असं वाटतं: पहिली ५ मिनिटं नुसतं पाणी, मग पातळ दूध. रस जास्त एकजीव राहतो.

पाटवरवंटा

हो, चालेल. दूध पातळ असल्याने फार फरक पडणार नाही, पण तळ लागायची भीती कमी होते हे खरं.

खाडीकाठ

शेवटचं. आठ माणसांना करायचं तर सगळं दुप्पट? आणि उरलं तर?

तिरफळ

पाणी सोडून सगळं दुप्पट. वाफेने जाणारं पाणी कढईच्या तोंडावर ठरतं, पास्त्याच्या वजनावर नाही. म्हणून ६०० ग्रॅमला दीड लिटरऐवजी १३५० मिलीने सुरुवात करा आणि कमी वाटलं तर उकळतं पाणी अर्धा-अर्धा कप वाढवा. गार पाणी घालू नका, उकळी मोडते आणि पास्ता चिकट होतो. चिकन मात्र तीन-चार खेपांत परता, एकदम ९०० ग्रॅम टाकलं तर उकडेल. एवढ्याला २८ सेंटीमीटरची कढई पुरत नाही. मोठी नसेल तर दोन कढया दोन शेगड्यांवर लावा.

उरलेला पास्ता आपल्या हवेत बाहेर ठेवायचा नाही, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. रात्री दिवे बराच वेळ गेले असतील तर मोह नको, टाकून द्या. फ्रीजमध्ये तो सगळा रस पिऊन घट्ट होतो. गरम करताना एका वाटीला २-३ चमचे पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर वाफ येईपर्यंत, मधून ढवळत. दूध वरून एक चमचा, शेवटी. क्रीमचा पॅक उघडला असेल तर उरलेलं काचेच्या बरणीत काढा आणि दोन-तीन दिवसांत वापरा. तसाच कापलेल्या पॅकमध्ये ठेवला तर फ्रीजमधल्या सुक्या बोंबलाचा वास धरतो.