$ आणि $$ : एलिमेंट शोधायची तुमची छोटी फंक्शन्स, अनुभव लिहा

जावास्क्रिप्टमध्ये पानावरचं एलिमेंट शोधणारं ‘डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर’ एकाच फाइलीत वीस-तीस वेळा टाइप केलं की कधी ना कधी आपण स्वतःचं छोटं फंक्शन लिहायला घेतोच. 2006 साली आलेल्या जेक्वेरीने $ची सवय लावली. ती लायब्ररी काढून टाकली तरी हाताला $च हवा असतो. तुम्ही कसं लिहिलंत, कुठे अडलात?

माझ्यापासून सुरुवात. मी $मध्ये ती मेथडच सरळ ठेवली होती. कॉल केल्याबरोबर ‘इल्लीगल इन्व्होकेशन’ ही एरर! डॉक्युमेंटपासून सुटली की तिचा ‘धिस’, म्हणजे ती ज्याच्यावर चालते तो ऑब्जेक्ट, जातो. ‘बाइंड’ करून चालतं, पण मी ॲरो फंक्शन लिहितो. त्यात कुठल्या एलिमेंटच्या आत शोधायचं तेही देता येतं. काही दिलं नाही तर अख्खं डॉक्युमेंट.

*

मला ब्राउझरच्या कन्सोलने चकवलं. तिथे $$ टाइप केलं, पुढे ‘मॅप’ लावलं, सगळं छान चाललं. तोच कोड फाइलीत टाकला तर $$ नावाचं काही नाहीच! ती सोय फक्त कन्सोलपुरती असते. मग स्वतःचं $$ लिहिलं, तरी ‘मॅप’ चालेना. जुळणारी सगळी एलिमेंट्स शोधणारं क्वेरीसिलेक्टरऑल ॲरे नाही, नोडलिस्ट देतं. तिला ‘फॉरईच’ आहे, ‘मॅप’ आणि ‘फिल्टर’ नाहीत. आता माझं $$ आतच ‘ॲरे.फ्रॉम’ करून देतं.

*

आयडीसाठी मी अजूनही गेटएलिमेंटबायआयडीच वापरते. आमचे आयडी डेटाबेसमधून येतात, नुसते आकडे. ‘#42’ हा सिलेक्टर चालत नाही, एरर येते.

*

माझा अनुभव नल (म्हणजे ‘काहीच सापडलं नाही’) मिळण्याचा, आणि तो मनाला लागलेला आहे. एलिमेंट सापडलं नाही तर कोड अडू नये म्हणून मी सगळीकडे प्रश्नचिन्ह आणि टिंब (?.) लावून ठेवलं होतं. सहकाऱ्याने ‘सेव्ह-बटण’ या क्लासचं नाव बदललं. एरर नाही, इशारा नाही. बटण दिसत होतं, दाबलंही जात होतं, पण क्लिक झाल्यावर चालणारा लिसनर कशालाच लागलेला नव्हता. लोकांनी भरलेले फॉर्म सेव्हच झाले नाहीत, आणि आम्हाला कळलं चौथ्या दिवशी. तेव्हापासून माझं $ नल परत देतच नाही. एलिमेंट नसेल तर तिथेच एरर फेकतं आणि मेसेजमध्ये तो सिलेक्टर जसाच्या तसा लिहितं. जे एलिमेंट खरोखरच कधी असतं कधी नसतं, त्यासाठी वेगळं फंक्शन आहे. नाव लांब आहे, ‘असेलतर’, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं.