सल्ला हवा: कोकणातून माणदेशात आले आहे, या माळाशी कसं जुळवून घ्यायचं?

कुंडलिकाकाठ
नमस्कार. मी रोह्याची. कृषी पदवीच्या शेवटच्या परीक्षेनंतर जूनमध्ये सातारा जिल्ह्यात, दहिवडीजवळच्या एका गावात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला आले. काम मृद व जलसंधारणाचं आहे: बांध मोजायचे, विहिरींची पातळी नोंदवायची. कामाची तक्रार नाही, माणसंही फार जीव लावतात. मला जड जातंय ते इथलं मोकळेपण.

आमच्याकडे नजर कुठेतरी अडते. मागे डोंगर, पुढे माड, मध्ये खाचरं. इथे दार उघडलं की थेट आभाळ. सगळ्या टेकड्या वरून सपाट, त्यामुळे दोनदा वाट चुकले. आणि पाऊस! आज १२ जुलै. घरी लावणी अर्ध्यावर आलीय. इथे रोज ढग पश्चिमेकडून भरून येतात आणि डोक्यावरून पूर्वेला निघून जातात. रात्री पत्र्यावर वारा घोंगावला की पाऊस समजून मी उठून बसते, आणि बाहेर अंगण कोरडं असतं. मग झोप येत नाही.

इथे राहिलेल्यांनो, काय पाहू, कुठे जाऊ? आणि या उघड्या माळावर कोणी झाडं का लावत नाही?

खिल्लार
ताई, ढगांवर रागवू नका, ते तुमच्याकडंच रिकामे होऊन येत्यात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, आमच्या माणात पाचशेच्या आत-बाहेर. सरळ रेषेत मधलं अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. घाट चढताना ढग पाणी टाकतो, अलीकडं उतरताना हवा तापती आणि उरलेला ढग विरून जातो.

आमचा खरा पाऊस परतीचा. उत्तरा, हस्ताची वाट बघायची. सप्टेंबरात दुपारनंतर पूर्वेकडनं काळं भरून आलं, वीज कडाडली, की समजायचं आपला आला. त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची. मृगापासून वाट बघत बसलात तर तीन महिने जीव तुटंल.

वाट चुकण्याचं म्हणाल तर या दिवसांत वारा पश्चिमेचा असतो. तोंडावर वारा म्हणजे तोंड पश्चिमेला. त्यातूनही चुकलात तर ओढा धरून खाली चाला, माणगंगेकडं निघाल.

आणि घरमालकिणीला हुलग्याचं माडगं करायला सांगा. तुमचे कुळीथ ते आमचे हुलगे. पिठीची चव ओळखीची लागंल.

गवतकाडी
मी पुण्याची, पण या भागात दोन वर्षं कामाला होते. सुरुवातीला माझंही असंच झालं. मी लांबवर हिरवं काही दिसतंय का ते शोधायचे, आणि न दिसल्यावर हिरमुसायचे. एका मेंढपाळ काकांनी मला खाली बघायला शिकवलं.

सूर्योदयाच्या आधी निघ. माळावर एका जागी अर्धा तास नुसती बस. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो. माळटिटवी तुला आधीच बघून ओरडत असेल. धाविक पक्षी मातीच्या रंगाचा, चार पावलं पळतो आणि थांबतो. थांबला की दिसेनासा होतो. चातकही आत्ताच ऐकून घे. गवत ओळखायला लाग. पायजम्यात घुसणारी कुसळी तुला भेटलीच असेल, मेंढपाळाला पवना दाखव म्हण. नावं कळली की माळ एकसारखा दिसायचा थांबतो. मला तरी सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

तू डिसेंबरपर्यंत आहेस हे फार छान. ऑक्टोबरनंतर भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून येऊन गवतातच रात्रीचा मुक्काम करतात. थंडीत मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) येतात.

झाडांबद्दल मात्र कळकळीने सांगते. हा माळ म्हणजे तोडलेलं जंगल असं धरून चालू नकोस. कमी पाऊस आणि पातळ मुरमाड माती, इथे गवतच टिकतं. लांडगा, खोकड, चंडोल यांना हीच मोकळी जागा लागते. माळावर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की खालचं गवत जातं, मग मेंढीनं काय खायचं?

खिल्लार
एवढं टोकाचं बोलू नका. मे महिन्यात बांधावर राबणाऱ्याला सावली लागतीच. लिंब, करंज लावायला नको का?

गवतकाडी
बांधावर, ओढ्याकाठी जरूर लावा दादा. माळाच्या मधोमध नको, एवढंच माझं म्हणणं.

रानवाट
लांडग्याची धास्ती नको, तो माणसाला बघून लांब जातो. जपायचं ते वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळांच्या तळावरच्या कुत्र्यांपासून. मेंढ्यांच्या मधून कधी जाऊ नका. लांबूनच हाक मारा, कुत्री अंगावर आली तर पळू नका, मेंढपाळ बोलावतो त्यांना. चर मोजताना दगड हातानं उलटू नका, खाली फुरसं असू शकतं. पायात बूट हवेतच. एखाद्या रविवारी शिखर शिंगणापूरला जा. वरून शंभू महादेवाची सगळी डोंगररांग नजरेत येते, मग टेकड्या वेगवेगळ्या ओळखू लागतात.

फलटणकर
रोह्याच्या आहात म्हणून विचारतो, भातकापणीनंतर तुमच्या खाचरांत मेंढ्या बसतात का? आमच्या तालुक्यातले धनगर दिवाळीनंतर वाडे घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाआधी परततात. आत्ता ते सगळे घरी असतील.

कुंडलिकाकाठ
फलटणकर काका, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. लहानपणी दर हिवाळ्यात आमच्या खाचरात मेंढ्या बसायच्या. बाबा लेंडीखतासाठी दोन रात्री मागून घ्यायचे आणि बदल्यात भात द्यायचे. ती माणसं कुठून येतात हे मी कधी विचारलंच नव्हतं.

काल एका वाड्यावर गेले. लांबून हाक मारली, कुत्री थांबली. तिथल्या आजींना म्हटलं, मी रोह्याची. त्यांनी कुंडलिकेच्या उताराच्या तीन जागा सांगितल्या, आमच्या गावाचं नावही सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडं आम्हाला पहिल्यांदा झोप येईना. चहूबाजूंनी झाडी, आभाळच दिसायचं न्हाई." मी बराच वेळ तिथेच बसले. पवना गवत त्यांनीच दाखवलं. चंडोलही वर चढताना दिसला.

पाऊस अजून नाही. रविवारी शिंगणापूरला जायचं ठरवलंय. दहिवडीहून सकाळची पहिली एसटी किती वाजता सुटते, कोणी सांगेल का?