परदेश अभ्यासदौरा: आठ दिवसांत मुख्याध्यापक नेमकं काय शिकतो?

गिरणाकाठ
काल आपल्या शिक्षकांच्या गटावर एका मुख्याध्यापक बंधूंची पोस्ट आली. ते अभ्यासदौऱ्यावर सिंगापूरला जाऊन आले. लिहितात, "पंचवीस वर्षांत कळलं नाही ते आठ दिवसांत कळलं. आपल्याकडे कमी आहे ती फक्त इच्छाशक्ती." पहिल्या वाक्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याने रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

माझी शाळा द्विशिक्षकी, पाचोरा तालुक्यात. मुख्याध्यापकाचं पद मंजूर नाही, चार्ज माझ्याकडे. पहिली-दुसरी एका खोलीत मी घेतो. त्यातच पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायची, वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. निवडणूक या एका शब्दात आमची मतदार यादी मावली.

सिंगापूर साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आत बसतं, एकटा जळगाव जिल्हा 11,000 च्या वर. तिथले शिक्षक एकाच राष्ट्रीय संस्थेत घडतात, नोकरीत वर्षाला 100 तास प्रशिक्षण त्यांना हक्काचं. हे वऱ्हांड्यात उभं राहून काढलेल्या फोटोत दिसत नाही. दिसतात ते स्वच्छ बेंच. मग परत येऊन बंधू आम्हालाच बेंच पुसायला सांगतात.

केळीबाग_रावेर
भाऊ, मी अशा दौऱ्यात होतो. फोटो मीही काढले. पण एका वर्गात मागच्या बाकावर दुसरे एक शिक्षक वहीत टिपणं घेत बसलेले दिसले. तास संपल्यावर दोघं वीस मिनिटं बोलले. तपासणी नव्हती, शेरा नव्हता.

परत आल्यावर आमच्या शाळेत दर बुधवारी हेच सुरू केलं. पहिला महिना दोन सहकारी माझ्याशी बोलत नव्हते, त्यांना वाटलं मी पाळत ठेवतोय. म्हणून मी आधी माझाच तास उघडा केला. दिवाळीपर्यंत लक्षात आलं की चौथी, पाचवी आणि सहावीत अपूर्णांक तीन वेगळ्या पद्धतींनी शिकवले जातायत आणि पोरं दरवर्षी पुन्हा गोंधळतायत. हे सुधारायला कुठला जीआर लागला नाही.

आणखी एक. बसमध्ये शेजारी नंदुरबारचे एक मुख्याध्यापक होते. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की पोरं गावात कशी थांबवायची, हे त्यांच्याकडून शिकलो.

गिरणाकाठ
त्यासाठी विमान कशाला? नंदुरबारला एसटी जाते.

केळीबाग_रावेर
जाते. गेल्या पंधरा वर्षांत तुम्ही किती वेळा गेलात? मीही नव्हतो गेलो. शाळेपासून आठ दिवस तोडून कुणी एकत्र बसवलं तेव्हा बोलणं झालं.

धुळ्याची_आई
मी शिक्षिका नाही, पालक आहे. सगळे फिनलंड-फिनलंड करतात. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2006 ला त्यांचे गणिताचे गुण 548 होते, 2022 ला 484. ते स्वतःच घसरतायत, तर आपण कुठल्या सालचं फिनलंड बघायला जातो? माझ्या मुलाच्या शाळेचे सर परदेश पाहून आले आणि एका भिंतीवर झाडं रंगवली. मुलींच्या स्वच्छतागृहाला अजून कडी नाही.

धडगावचा_मास्तर
ताई, कडीबद्दल तुमचा राग शंभर टक्के खरा. पण फिनलंडची एक गोष्ट मला कामाची वाटते, आणि ती दौऱ्यात कुणी विचारत नाही. इनारी सामी ही तिथली छोटी भाषा विझत आली होती. 1997 मध्ये त्यांनी 'भाषेचं घरटं' सुरू केलं: लहान मुलांशी दिवसभर त्याच भाषेत बोलायचं. ही कल्पना न्यूझीलंडच्या माओरी लोकांची, 1982 ची. माझ्या पहिलीत सगळी पोरं पावरी ही आदिवासी बोली बोलणारी. पहिले सहा महिने ती माझ्याकडे नुसती बघत राहायची आणि मी अहवालात 'अप्रगत' लिहायचो. अप्रगत मी होतो. शेवटी गावातल्या एका आजीला रोज तासभर वर्गात बसवायला लागलो.

अमळनेर_बोरीकाठ
विषय दौऱ्याचा होता. आता बोली आणायच्या का शाळेत? उद्या अहिराणीत पेपर काढा म्हणाल. स्पर्धा परीक्षेत पोरगं 'आहे'च्या जागी 'शे' लिहील, गुण कोण देणार? साने गुरुजी मूळचे कोकणातले, अमळनेरात शिकवायला आले आणि मराठीतच शिकवून मुलांना जीव लावला.

धुळ्याची_आई
'शे' लिहिलं म्हणून माझ्या भावाला चौथीत बाकावर उभं केलं होतं. "माले पानी पेवानं शे" एवढंच म्हणाला होता. पाणी नाही मिळालं. त्यानंतर तो वर्गात बोललाच नाही, सातवीत शाळा सुटली. गुणांचं मला सांगू नका.

अमळनेर_बोरीकाठ
ताई, माझ्यावर का ओरडता? माझी आईही अहिराणीच बोलते. मी पेपरचं बोलत होतो, शिक्षेचं नाही.

धडगावचा_मास्तर
पेपर अहिराणीत काढा असं कुणी म्हटलंय? शिक्षण हक्क कायद्याचंच कलम 29 म्हणतं की शक्य तिथवर शिक्षण मातृभाषेतून द्या. पोराला आधी बोलू द्या, प्रमाण मराठी त्याच्यावर चढते. आजी बसायला लागल्यावर माझी पोरं दिवाळीच्या आत मराठीत प्रश्न विचारायला लागली.

अमळनेर_बोरीकाठ
पहिली-दुसरीपुरतं असेल तर मान्य. त्याच्या वर नाही.

गिरणाकाठ
धागा कुठल्या कुठे गेला. रावेरच्या भाऊंचं बुधवारचं मला पटलं, नाखुशीने का होईना. पण तुमच्याकडे दुसऱ्याच्या तासाला बसायला माणूस आहे. आम्ही दोघं आहोत. मी माझ्या सहशिक्षिकेच्या वर्गात बसलो तर माझ्या पहिली-दुसरीकडे कोण बघणार? या प्रश्नाला इच्छाशक्ती हे उत्तर नाही.

केळीबाग_रावेर
हे खरं. दोनशिक्षकी शाळेचा विचार मी केलाच नव्हता, दौऱ्यातही कुणी केला नाही. तिथे दाखवलेल्या सगळ्या शाळा मोठ्या होत्या.

तुमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असते ना? त्यातला एक तास मागून घ्या. भाषण नको, एकाने पोरांसमोर शिकवायचं, बाकीच्यांनी मागे बसायचं. केंद्रप्रमुख नाही म्हणाले तर मला कळवा. मी रजा टाकून येतो, पहिला तास मी घेतो.

गिरणाकाठ
अपूर्णांकावर घ्या. आमच्या चौथीलाही ते येत नाहीत.