'फिक्स्ड ब्लेड'ला मराठीत काय म्हणाल?

कातळवाट : आमच्या भटक्या गटातल्या नवख्यांसाठी दोन पानं लिहितोय : रानात रगडून वापरता येईल आणि खिशाला परवडेल असा चाकू कसा निवडावा. पहिल्याच ओळीत अडलो. ज्याचं पातं मुठीत मिटत नाही त्या 'फिक्स्ड ब्लेड'ला काय म्हणायचं? 'स्थिर पात्याचा चाकू' लिहिलं तर बायको म्हणाली, "बाकीच्यांचं पातं काय हिंडतं का?" दुसरं म्हणजे, पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असतं त्या 'फुल टँग'ला काय? मित्र म्हणतो, 'सुरी' लिही, विषय संपला. मला सुरी म्हटलं की टोमॅटो दिसतात.

मधलीआळी : मित्र बरोबर आहे. मिटतो तो चाकू, मिटत नाही ती सुरी. रामपुरी चाकूच असतो, रामपुरी सुरी कुणी ऐकलीय? आमच्या आजोबांच्या कोटात बोरू तासायचा चाकू असे. स्वयंपाकघरात मात्र विळी आणि सुरी, बस.

वऱ्हाडी_ठेचा : कोणती आळी ही? आमच्याकडे नागपुरात कांदा चाकूनंच कापतात. मी एकदा "सुरी दे" म्हटलं तर आई म्हणे, पुण्याहून आला का रे तू?

शब्दवेडा : चाकू तुर्कीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आला. सुरी मात्र 'क्षुरिके'ची नात. क्षेत्राचं शेत झालं तसा क्षुराचा सुरा. घरचा शब्द असताना उसना कशाला? 'अचलपाती सुरी' असा समास करून टाका.

वऱ्हाडी_ठेचा : अचलपाती? आडनाव वाटतं. आणि पोलाद फारसी, म्यानही फारसी. मग ही सुरी बनवणार कशाची न ठेवणार कशात?

पाणंद : टँगचं मी सांगते. मामांच्या गावी खुरप्याच्या त्या भागाला सरळ शेपूट म्हणायचे. लोहार शेपूट लाल होईस्तोवर तापवायचा आणि बाभळीच्या मुठीत दाबायचा. चर्र आवाज, धूर, आणि भोक आपसूक मापाचं. मूठ ढिली झाली की पुन्हा तेच. 'पूर्ण शेपटाची सुरी' लिहा की!

कातळवाट : ताई, शेपूट घेतलं! मागे राजमाचीला पावसात, गावातून विकत घेतलेली लाकडं फोडत होतो. सुरीच्या पाठीवर दांडक्यानं ठोकलं. चौथ्या ठोक्याला मूठ माझ्या हातात, पातं लाकडात. बघतो तर शेपूट बोटाच्या पेराएवढं, बाकी नुसतं प्लॅस्टिक. म्हणून लिहिलंय : 4 ते 5 इंच पातं, 3-4 मिलिमीटर जाडी आणि शेपूट पूर्ण.

हिमरेषा : पूर्ण शेपटाचा हट्ट नको. स्वीडनचा मोरा 'कम्पॅनियन' घ्या. शेपूट मुठीच्या आतच थांबतं, जाडी अडीच मिलिमीटर, तरी माझा नऊ वर्षं टिकलाय. आपल्या तलवारींचंही शेपूट आखूडच, मुठीत लाखेनं बसवलेलं. लाकूड फोडायचंच असेल तर कुऱ्हाड न्या. आणि अभयारण्यात तोडूच नका.

आकडीवाला : तुम्ही स्वीडनला पोचलात! आमच्या कोकणात कमरेला आकडी, आकडीत कोयती. पातं मिटत नाही, मूठ सुटत नाही. घिसाड्याकडून ट्रकच्या कमानपाट्याची करून घेतली, 400 रुपये. पावसाआधी शेवटून आणायची, खोबरेल चोळायचं. 'कोयती' लिहा नि मोकळे व्हा.

मधलीआळी : पुण्यात 'सोबत कोयता आणावा' असं छापा, मग बघा. वर्तमानपत्रांनी 'कोयता गँग' इतकं छापलंय की शब्द गुन्हेगार झालाय.

पाणंद : आमच्या बीडकडे कोयता म्हणजे माणसं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. लहानपणी वाटायचं, हत्याराचंच भाडं देतात.

शब्दवेडा : कोयता द्राविडी दिसतो. कन्नडात 'कोय्' म्हणजे कापणं.

वऱ्हाडी_ठेचा : म्हणजे तोही उसना. आता?

शब्दवेडा : शेजाऱ्याकडून आणलेलं विरजण उसनं नसतं.

हिमरेषा : 'शेवटून आणणे' म्हणजे धार लावून आणणे का? पहिल्यांदाच वाचतोय.

आकडीवाला : नुसती धार नव्हे. झिजलेलं तोंड तापवून, ठोकून पुन्हा काढायचं आणि पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलंच पाण्यात बुडवून कडक करायचं. सहाणेवर घासतात ती धार लावणं.

पाणंद : आमच्याकडे फाळ शेवटतात. कोयत्याला 'पाजवणे' म्हणतात.

आकडीवाला : पाजवणे म्हणजे घासूनच धार काढणं ना?

कातळवाट : मंडळी, पानं उद्या सकाळी द्यायचीत. शीर्षकात तूर्त 'न मिटणारा चाकू' टाकलंय.

मधलीआळी : चाकू न मिटणारा असेल तर ती सुरी. वर लिहिलंय मी.

वऱ्हाडी_ठेचा : पाजवणे म्हणजे घासूनच. आमच्याकडे वस्तरा पाजवतात.