राज्यापुरता एकच सरकारी विमा: व्हरमाँटला झेपला नाही, कॅलिफोर्नियाला झेपेल?

सनीवेलकर:
बे एरियातल्या दर दुसऱ्या पॉटलकला हा वाद निघतो, म्हणून धागा. मागणी अशी: खासगी विमा बंद, राज्यानं कर घ्यावा आणि सगळ्यांची वैद्यकीय बिलं एकट्यानं भरावीत. माझं मत, एकट्या राज्यानं ह्या फंदात पडू नये. व्हरमाँट राज्यानं २०११ मध्ये असाच कायदा केला. गव्हर्नर पीटर शमलिन ह्याचे खंदे समर्थक, पण २०१४ च्या डिसेंबरात त्यांनीच तो गुंडाळला. हिशेब मांडला तेव्हा मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के आणि लोकांच्या उत्पन्नावर ९.५ टक्क्यांपर्यंत नवा कर निघाला! कोलोरॅडोत २०१६ ला सार्वमत झालं, पाचातल्या जवळपास चौघांनी 'नको' म्हटलं.

बिलिंगवाली:
साफ असहमत. कर डोळ्यांवर येतो, प्रीमियम येत नाही, एवढाच फरक. डब्ल्यू-२, म्हणजे कंपनी वर्षाला देते तो पगार-कराचा फॉर्म काढा, बारा नंबरच्या चौकटीत 'डीडी' पुढचा आकडा बघा. तुमचा आणि कंपनीचा मिळून विम्याचा खर्च तो. ले-ऑफ झालेली मंडळी कोब्राचं (नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा चालू ठेवायच्या सोयीचं) पत्र बघून हबकतात, कारण कंपनी भरत होती तो वाटाही आता त्यांच्याच खिशातून जाणार असतो.

मी क्लिनिकमध्ये बिलिंग करते. एकच एमआरआय, पण प्रत्येक विमा कंपनीचं पोर्टल वेगळं, पूर्वपरवानगीचे नियम वेगळे. एक कोड चुकला की क्लेम परत. दिवसभर फोनवर होल्डचं संगीत ऐकायचं, त्याचा पगार पेशंटच्याच बिलातून निघतो.

सनीवेलकर:
ताई, कटकट मान्य. पण १९७४ चा एरिसा, कंपन्यांच्या कर्मचारी-योजनांचा केंद्रीय कायदा, विसरलात. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचे क्लेम स्वतःच्या पैशातून भरतात, विमा कंपनी नुसती कारकुनी करते. त्या योजना बंद करायचा अधिकार राज्याला नाही. कंपनीनं योजना चालूच ठेवली तर तिचा खर्च आहेच, वर राज्याचा कर. मेडिकेअर-मेडिकेडचा (म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या सरकारी विम्याचा) पैसा वळवायला वॉशिंग्टनची परवानगी लागते ती वेगळीच. ती देणारा अध्यक्ष गेला की पुढचा देईलच कशावरून?

सास्काटूनचा पाहुणा:
कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवाननं आधी प्रांतापुरतंच केलं होतं हो. प्रांताचे तेव्हाचे प्रमुख टॉमी डग्लस यांनी १९४७ मध्ये फक्त हॉस्पिटलचा खर्च सरकारकडे घेतला. डॉक्टरांची फी योजनेत १९६२ मध्ये आली, तेव्हा डॉक्टर २३ दिवस संपावर गेले. १९६६ मध्ये देशभरासाठी कायदा झाला आणि ओटावानं, म्हणजे केंद्र सरकारनं, निम्म्याच्या आसपास भार उचलायचं कबूल केलं. पण एक खरं, आमच्या वाटेत एरिसा नव्हता.

बिलिंगवाली:
बघा, आधी एका प्रांतानं करून दाखवलं, मग देश हलला. वॉशिंग्टनची वाट बघत बसलो तर आपली नातवंडं पण होल्डवरच असतील.

सनीवेलकर:
करून दाखवायला आमदार उभे राहायला हवेत ना! २०२२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाचे आमदार अॅश कालरा यांनी ह्याच योजनेचं आपलं विधेयक मतदानालाच आणलं नाही, मतं जुळत नव्हती. शिवाय योजना एका विधेयकात आणि कर दुसऱ्याच घटनादुरुस्तीत. दोन्ही एकत्र आणा, मग मी विचार करेन.

सास्काटूनचा पाहुणा:
फक्त हॉस्पिटलपासून सुरुवात केली तर? आमच्याकडेही डॉक्टरांपर्यंत पोचायला १५ वर्षं लागलीच.

सनीवेलकर:
एरिसा तिथेही आडवा येतोच. पण कर कमी लागेल, हे खरं.